दोनशे चौदा नंबरचे कुलूप

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, चिंचखेड, जि. बुलडाणा

अर्जदार : जनकाबाई गुलाबराव तायडे, रा. धोंडखेडा
विषय : दुसऱ्याच्या कर्जापायी सील झालेले घर एक तास उघडून मिळणेबाबत.
संदर्भ : याआधीचे दोन अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

१. अर्जदार बाईने उभ्या जन्मात कोणाचे कर्ज काढलेले नाही. कर्ज काढले मागच्या गल्लीतल्या रंगराव इंगळे यांनी, घर नंबर २१४ गहाण ठेवून. पुढे ग्रामपंचायतीने गावाला नवे नंबर दिले. रंगरावांचे घर झाले ३०९ आणि २१४ चा बिल्ला आला अर्जदाराच्या दारावर. तो वाकडा बसला म्हणून बाईने स्वतः खिळा मारून सरळ केला.

२. दि. २ जुलै रोजी कर्ज देणाऱ्या कंपनीचे लोक ताब्याचा हुकूम घेऊन आले, सोबत आपले मंडळ अधिकारी. "साहेब, हे घर माह्यं हाये, काऊन कुलूप लावता?" म्हणून बाईने घसा फोडला. खुद्द रंगराव धावत येऊन म्हणाले, "कर्ज माह्यं हाये, माह्या घराले लावा." साहेबांनी बिल्ला पाहिला आणि कुलूप लावले. रंगराव आजही स्वतःच्या घरात झोपतात आणि लाजेपोटी बाईला दोन वेळचा डबा पाठवतात.

३. आत लोखंडी पेटीत मुलगी महामाया हिचा जातीचा दाखला व बारावीची गुणपत्रिका आहे. दि. १८ ला मूळ कागद दाखवले नाहीत तर तिची नर्सिंगची जागा जाते.

४. तालुक्याला वकील म्हणाले, कर्जवसुलीच्या या कायद्यात दिवाणी कोर्टाला अधिकार नाही, नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जा. बाई नागपूरला गेली. तारीख मिळाली पुढल्या महिन्याची. कंपनी म्हणते, हुकूम वरून आला. आपले कार्यालय म्हणते, आम्ही फक्त अंमलबजावणी करतो. कुलूप लावताना मात्र कोणालाच अधिकार कमी पडला नाही, याचे बाईला फार वाईट वाटते.

५. तरी पंचांसमक्ष एक तास दार उघडावे. तेही जमत नसेल तर 'हे कुलूप उघडण्याचा अधिकार कोणालाच नाही' एवढे सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे. महामाया १८ तारखेला दाखल्याच्या जागी तोच कागद जोडेल.

आपल्याच हद्दीत, स्वतःच्याच ओट्यावर राहणारी,
जनकाबाई गुलाबराव तायडे
दि. १६ जुलै २०२५

सोबत :
१) जुन्या व नव्या घर नंबरांचा उतारा
२) 'कर्ज माझे, घरही माझेच घ्या' असे रंगराव इंगळे यांचे लेखी निवेदन
३) अर्जदाराच्या घराची किल्ली (आता लागत नाही)