शेवटच्या ओळीतले नाव

उस्ताद, परवा तुमच्या नातीने मला भर सभागृहात हरवले. ही वार्ता इतर कोणाकडून तुमच्या कानी जाण्यापूर्वी पराभूतानेच ती द्यावी, असा शिष्टाचार आहे. तुमच्या पश्चात मी या नगरीत मराठी रॅपचा आद्य आचार्य म्हणून ओळखला जातो. ही उपाधी दिली कोणी, असे विचारू नये. कार्यक्रमपत्रिकेसाठी आयोजकांनी माझा परिचय माझ्याकडूनच लिहवून घेतला होता. स्पर्धा होती ‘जुने विरुद्ध नवे’. जुन्यांच्या बाजूला मी एकटाच होतो, कारण उर्वरित जुन्यांना यथाकाल सुबुद्धी झालेली आहे. तुमची नात आता महाविद्यालयात शिकते, सैल टी-शर्ट घालते आणि बोलताना हनुवटी अगदी तुमच्यासारखी वर करते. ती हनुवटी पाहिली आणि माझे पहिले कडवे तिथेच डळमळले.

मला अजून चितेगावच्या कंपनीची बस आठवते. तुम्ही पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमधले जुने कामगार, मी स्टोअरमधला नवा, संस्कृतात पदवी घेऊन नटबोल्ट मोजणारा कारकून. रविवारी तुम्ही वस्त्यावस्त्यांतून जलसा गाता, हे मला कोणी सांगितले नाही. पुढच्या सीटच्या पत्र्यावर तुमची बोटे ठेका धरत, त्यावरून समजले. एका सकाळी मी वॉकमनचा एक इअरफोन तुमच्या कानात घालतो. पैठण रोडचे खड्डे चालले आहेत, तुम्ही डोळे मिटून ऐकता आहात.

“कोन लोक हाय हे?”

“अमेरिकेतले कृष्णवर्णीय गायक, उस्ताद.”

“सरळ काळे म्हन की, पंडित. त्यांना लाज नाय, तुला कामून?” मग तुम्ही इअरफोन कानात आणखी दाबलात. “भाषा कळंना. पन राग वळखीचा हाय.”

विद्यादानाची संधी मी सहसा दवडत नाही. मी सांगितले की हल्ली तिकडे गोरेही रॅप करतात आणि हा अधिकार त्यांचा आहे का, यावर मोठे वादंग माजले आहे. तुम्ही विचारलेत, “गोरा गातो कुनाचं?” मी म्हणालो, काही जण काळ्यांची नक्कल करतात, काही आपल्या घरचे गातात. “घरचं गातो त्याला गाऊ द्या. बाकीच्याला खाली बसवा.” ज्या वादावर तिकडे अनेकांचे कंठ शोषले, तो तुम्ही रेल्वे स्टेशनचा थांबा येण्यापूर्वी निकालात काढलात. तो निर्णय मलाही लागू होता, एवढे मात्र त्या दिवशी माझ्या ध्यानी आले नाही.

तुमच्या जलशाच्या पार्टीत मी कोरसमध्ये उभा राहू लागलो. पार्टीची रीत कडक होती. प्रत्येक गाण्याची शेवटची ओळ एकच असे, तिच्यात उस्तादाचे नाव घ्यायचे. पण ते घेण्याचा अधिकार त्यालाच, ज्याच्या हाती उस्तादाने सर्वांसमक्ष आपला डफ दिला आहे. बाकीच्यांनी ती ओळ येताच ओठ मिटायचे. मी तब्बल दोन हिवाळे ओठ मिटून उभा राहिलो. माझ्या वाचाळ कुळात हा विक्रम असावा.

त्याच काळात मला टायफॉइड झाला आणि तुम्ही सफरचंदे घेऊन आमच्या घरी आलात. आईने चहा केला. आमच्या फडताळात सहा कप होते, फुलाफुलांचे. सातवा, कान तुटलेला, खिडकीत वेगळा असे. तुम्हाला चहा त्या सातव्यात आला. तुम्ही शांतपणे प्यायलात, मोरीत कप स्वतः विसळलात आणि पुन्हा खिडकीतच ठेवलात, जणू त्याची जागा तुम्हाला आधीपासून ठाऊक होती. मी अंथरुणातून पाहत होतो. आई म्हणाली, “सज्जन आहेत हो फार.”

बरा झाल्यावर जयंतीच्या मंचावर मी तुमचे विहिरीचे गाणे गायलो, गावाने ज्यांना पाणी भरू दिले नाही त्यांचे. टाळ्या उदंड पडल्या. मी तुमच्या हातातल्या डफाकडे पाहत खाली उतरलो. तुम्ही मला मंडपामागे नेलेत.

“आवाज लई चांगला लागला, पंडित. पन ही तहान माझ्या मायची व्हती. तुला कधी लागली?”

मी काही संस्कृत उत्तर जुळवू लागलो. तुम्ही हनुवटी वर केलीत.

“तुझ्या घरी तो खिडकीतला कप हाय नं? त्याचं गानं आन. मग घे डफ.”

मी म्हणालो, दिवाळीपर्यंत आणतो. कपाचे लिहायचे म्हणजे आईचे लिहायचे, आणि ती तर माझ्या तापात रात्ररात्र उशाशी बसलेली. दसऱ्याच्या सुमारास तुमच्या छातीत कळ आली, ती शेवटचीच. डफ तुमच्या घरी गेला, मी स्टोअरमध्ये परतलो.

परवा तुमच्या नातीने पहिल्याच फेरीत मला सोलले:

“काका, तुमची भाषा जशी लग्नातला सूट,
भाड्यानं आणलेला, पायात दुसऱ्याचा बूट!”

सभागृह उसळले. मागून कोणी ओरडले, “काका, पेन्शन घ्या!” माझ्यापाशी समासांनी ठासलेले प्रत्युत्तर सिद्ध होते. पण तिची हनुवटी वर होती. मी ते प्रत्युत्तर गिळले आणि आई गेल्यानंतर लिहिलेले, आजवर कुणालाही न ऐकवलेले गाणे म्हटले:

“सहा कप फडताळात, सातवा खिडकीत,
चहा तोच, साखर तीच, फरक होता मांडणीत.”

गाण्यात पुढे तुम्ही आलात, मोरी आली, आईही आली. हशा थांबला. शेवटच्या ओळीपाशी सवयीने माझे ओठ मिटले. ठेका रिकामाच चालू राहिला. ध्वनिव्यवस्थावाला धावत येऊन माझा माइक तपासू लागला.

तिला मात्र कळले. ती जवळ येऊन म्हणाली, “घ्या की नाव, काका. अडलंय कुठं?”

“डफ मिळाला नाही मला.”

“आज्जी सांगायची, एक पंडित कपाचं गानं आननार व्हता म्हनून. तुम्हीच व्हय ते? लई उशीर केला राव. घ्या, मी देते परवानगी. वारस हाय मी.”

मी मान हलवली. मग तिनेच शेवटची ओळ उचलली आणि तुमचे नाव अशा खणखणीत सुरात घेतले की परीक्षकांना निकालापुरताही विचार करावा लागला नाही. तिचा अधिकार निःसंशय आहे. पण उस्ताद, मला ती परवानगी तिच्याकडून नको होती. मंडपामागून तुम्ही यावे, “दाव, काय आनलंस” म्हणावे, ऐकावे, आणि हवे तर खाली बसवावे. एवढीच आस होती. आहे.

हे पत्र धाडायला पत्ता नाही आणि ते नातीच्या हाती देण्याइतका मी धीट नाही. पाहा, एवढे लांबले तरी तुमचे नाव यात कुठेही आलेले नाही. आईच्या पश्चात फडताळ आवरले तेव्हा फुलांचे सहाही कप कधीच फुटून गेलेले निघाले. सातवा टिकला, वापर कमी म्हणून. आज सकाळी त्यात चहा ओतताना, घरात कोणी नव्हते तेव्हा, शेवटची ओळ नावासकट एकदा हळूच म्हणून पाहिली. तालात बसते.