बोर्डामागची माती

मंगळवार, १२ मे. संध्याकाळ.

बोर्डामागं माती पडतेय. थांबून थांबून, पण पडतेय.

पुढच्या खोलीचा जुना चुन्याचा गिलावा मीच काढला, जिप्सम बोर्डही मीच बसवला. मिस्त्री नको म्हणालो. बोर्ड ओळंब्यात सरळ उभा, एका सुताचा फरक नाही! पण तो ओळंबा साधायला काय केलं मी? तुळईखालचा दगड दीड इंच पुढं आला होता, तो छिन्नीनं तासला. तुळई टेकायला म्हणून मुद्दामच पुढं ठेवलेला असणार, हे तेव्हा का सुचलं नाही? वर माळवद. हातभर मातीचं ओझं त्या तुळईवर.

सुनंदानं बोर्डाला कान लावला.

"उंदीर असेल," मी म्हणालो.

"करकंबला माहेरी आमचं माळवदच होतं की. उंदीर खुडबुडतो. हे नुसतं गळतंय. मिस्त्रीला फोन करा आधी."

केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "दगड तासला? सकाळी टेकू घेऊन येतो साहेब, तोवर खोलीत कुणी थांबू नका."

आदिती त्याच खोलीत झोपते. तिला खरं सांगायला जीभ रेटेना. म्हणालो, "रंगाचा वास येतोय, आज अंगणात झोप."

"बाबा, रंग कुठं दिलाय अजून?"

माती पुन्हा सरसरली. तिनं तुळईकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि गादी ओढत बाहेर नेली.