सात्यांची पूड

आई, काल बाजारात सात्या आल्या होत्या. वारुळावर उगवणाऱ्या अळंब्या, पळसाच्या पानावर मांडलेल्या. एकटीसाठी किती घ्यायच्या ते ठरेना, तशीच परत आले. घरी आल्यावर तुझ्याशी बोलावंसं वाटलं, आणि बोलायला दुसरं कोणी नव्हतंही.

एकोडीच्या जंगलातलं तुझं वारूळ तू कुणाला दाखवलं नव्हतंस, सख्ख्या जावेलाही नाही. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर दोनेक वर्षांनी तुला कर्करोग निघाला. नागपूरला केमो सुरू झाली आणि मी एका इंग्रजी मासिकात वाचलं, की अळंबीतल्या बीटा ग्लुकनमुळे शरीराची लढण्याची ताकद वाढते. जपानात केमोच्या जोडीला असा अर्क देतात. कुठली अळंबी, ते मी नीट पाहिलंच नाही. आपल्याकडे अळंबी म्हणजे सात्याच. श्रावणात मी तुला जागा विचारते आणि तू खाटेवर पडल्या पडल्या हसतेस. "चाळीस वर्षं लपवली वं मी. जा आता तूच. पण तिथं मोठ्यानं बोलू नोको, अन् कोणाले सांगू नोको." मी सात्या आणल्या, सावलीत वाळवल्या, पाट्यावर वाटल्या. रोज कोमट दुधात चमचाभर पूड. "मातीवानी लागते. कान्व्हेंटात हेच शिकवलं का तुले?" असं म्हणत तू पेला रिकामा करायचीस.

तिसऱ्या केमोआधी लिव्हरचा रिपोर्ट बिघडला. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही देता का?" मी नाही म्हणाले. केमो पुढे ढकलली. परतीच्या एसटीत तू खिडकीबाहेर बघत होतीस.

"डाक्टरले काहून नाही सांगितलं?"

"रागावले असते."

"त रागावू द्यायचं होतं. खाऊन राहिले होते का तुले?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दुधात पूड घातली. तू माझ्याकडे पाहिलंस आणि प्यालीस. त्या वर्षीची दिवाळी तू पाहिली नाहीस.

आता मी शेवटपर्यंत वाचते. ते अर्क लाकडावर वाढणाऱ्या दुसऱ्याच अळंब्यांचे, प्रयोगशाळेत शुद्ध केलेले. तेही औषधांच्या सोबत, डॉक्टरांना सांगून घ्यायचे. संशोधक स्वतःच लिहितात, आशा आहे, खात्री नाही. तुझं लिव्हर माझ्या पुडीनं बिघडलं, की औषधानं, की आजारानंच, हे आता मला कोणी सांगू शकणार नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "जाऊ दे नं बाई." ते ऐकायला मिळत नाही, म्हणून कुठेच न पाठवायचा हा कागद लिहायला घेतला.

एसटीत मी तुला खरं सांगितलं नव्हतं. डॉक्टरांच्या रागाची मला भीती नव्हती. ते 'बंद करा' म्हणाले असते, तर तुझ्यासाठी माझ्या हातानं करण्यासारखं काहीच उरलं नसतं. त्याची भीती होती.