डिझेलचा जनरेटर, सुभानपुऱ्याचे घर आणि माझा भाऊ रणवीर

दिनांक ११ जून २०२५, बुधवार, सकाळी सव्वादहा वाजता मी जनरेटरचा डिझेल फिल्टर बदलला, हात साबणाने दोनदा धुतले आणि हे लिहायला बसलो.

मी कुशल जयवंतराव आढाव, वय २८, धर्म ख्रिस्ती, धंदा जनरेटर दुरुस्त करणे व भाड्याने देणे, दुकान मकरपुरा, राहणार सुभानपुरा, बडोदे. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, बहुतेक लोक बरे होऊन घरी जातात. जे जात नाहीत त्यांत मी असलो तर काय करायचे, हे या कागदात आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, मला कोणी धमकावलेले नाही, आणि मी दारू पीत नाही. मी बारावीत दोनदा नापास झालो आहे. कायद्याची भाषा चुकली असेल तर सांभाळून घ्यावे. शुद्धलेखन शब्दकोशात पाहून तपासले आहे. हे माझे पहिले आणि एकमेव मृत्युपत्र आहे. यापूर्वी मी कोणाला काही लिहून दिलेले नाही.

कलम १. घर
सुभानपुऱ्यातील दुसऱ्या मजल्यावरचे, एक खोली व स्वयंपाकघराचे, माझ्या कमाईतून घेतलेले घर मी माझा थोरला भाऊ रणवीर यास देतो. अटी दोन. आमचे वडील जयवंतराव जिवंत आहेत तोवर त्याच घरात राहतील. आणि त्यांच्या ऑक्सिजन मशीनसाठी खाली पार्किंगमध्ये डिझेलचा जनरेटर कायम भरलेला राहील. रणवीर दर रविवारी उपासनेला जाण्यापूर्वी तो स्वतःच्या हाताने चालू करून पाहील. हे काम वॉचमनला सांगता येणार नाही.

या अटी मी त्याला तोंडी सांगितल्या तेव्हा तो म्हणाला, "डिझेल? अरे यार कुशल, मंडळीत मी तोंड कसं दाखवू?"

"धुऊन दाखव, दादा. थोडी काजळी लागेल."

तो घरभर फिरला. खिडकी उघडून पाहिली, नळ सोडून पाहिला. मग म्हणाला, "बरं, चालशे."

कलम २. अट का घातली
हे लिहिणे कायद्याने जरुरीचे नाही. मला जरुरीचे वाटते.

आमची आई मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, सेविका होती. चर्चच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये ती आणि बाबा राहत. तिला दमा होता आणि शेवटची दोन वर्षे ती हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या मशीनवर होती. आवारात मंडळीचा जनरेटर होता. वीज गेली की मी किंवा बाबा तो चालू करीत, आणि चर्च व क्वार्टर दोन्हीकडे वीज येई.

रणवीर एम. ए. आहे, पर्यावरणाच्या एका संस्थेत प्रकल्प अधिकारी आहे आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांचा सचिव आहे. २०२४ च्या मार्चमध्ये त्याने ठराव मांडला: देवाची सृष्टी वाचवण्यासाठी मंडळीने यापुढे खनिज तेल जाळू नये, जनरेटर विकावा, छतावर सोलर पॅनेल व बॅटरी बसवावी. ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. मी मागच्या बाकावरून उठून विचारले, "क्वार्टरची लाईन बॅटरीला जोडणार ना?"

रणवीर म्हणाला, "अख्ख्या मंडळीची बॅटरी एका माणसासाठी?"

"ते माणूस आपली आई आहे, दादा."

"इमोशनल होऊ नकोस. बडोद्यात वीज जाते का कधी?" लोक हसले. आईही हसली, तिला वाटले भाऊ-भाऊ थट्टा करताहेत.

लाईन जोडली नाही. जनरेटर भंगारवाल्याकडे गेला.

ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला. रणवीर आदल्या दिवशीच बायको-मुलांना गाडीत घालून आणंदला गेला होता. गाडी पेट्रोलवर चालते. मी क्वार्टरमध्ये आई-बाबांजवळ होतो. वीज गेली. आवारात छातीएवढे पाणी, क्वार्टर उंच ओट्यावर म्हणून आत पोटरीपर्यंत. जवळचा ऑक्सिजनचा सिलिंडर दुसऱ्या दिवशी सकाळी संपला. दुसरा घेऊन येणारी होडी आली नाही.

दुपारी मी खिडकीतून पाहिले तर चर्चच्या शिखरावर क्रूसाचा दिवा जळत होता. तो अंधार पडला की आपोआप लागतो. ढग इतके दाट होते की तो दिवसालाच रात्र समजला होता. म्हणजे बॅटरीत वीज होती. चर्चला कुलूप होते आणि किल्ली रणवीरकडे.

मी फोन केला. म्हणालो, कुलूप तोडतो आणि वायर ओढून आणतो.

तो म्हणाला, "तोडू नकोस. सिस्टीमला हात लावलास तर वॉरंटी जाईल. थोडा वेळ थांब, मी इंजिनीयरला विचारून कळवतो."

मी थांबलो. मला त्याचे ऐकायची लहानपणापासून सवय होती. त्याचा फोन आला नाही. मग मी कुलूप तोडले, वायर डोक्यावर घेऊन पाण्यातून आलो, जोडली, मशीन सुरू झाले. बाबा म्हणाले, "आता राहू दे." त्यांनी आईच्या नाकातली नळी काढून स्वतःच्या हातात धरली होती.

पाणी ओसरल्यावर पंचांनी मला पत्र दिले: कुलूप व कडी यांची भरपाई करावी. सचिव म्हणून सही रणवीरची होती.

कलम ३. माझी श्रद्धा
मी मेल्यावर रणवीर सांगेल की कुशल अडाणी होता, त्याला हवामान कळत नव्हते. म्हणून लिहून ठेवतो.

हवा बदलत नाही असे मी म्हणत नाही. मला ती मोजता येत नाही. पण जलप्रलयानंतर देवाने वचन दिले की पृथ्वी आहे तोवर पेरणी आणि कापणी, ऊन आणि थंडी थांबणार नाहीत. हे वचन मी लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केले आणि रणवीरनेच ते माझ्याकडून पाठ करून घेतले. ज्याने ऋतू धरून ठेवले आहेत त्याच्या हातून ते माझ्या एका जनरेटरमुळे निसटतील, असे भय घालणारा उपदेश मला सुवार्ता वाटत नाही. पुरानंतरच्या रविवारी पाळक जगदेवराव म्हणाले, "हा पूर आपल्या धुराचा दंड आहे." नदीच्या काठाने भराव टाकून बांधलेल्या घरांबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांतली पुष्कळ घरे पुढच्या बाकांवर बसणाऱ्यांची आहेत.

देवाने जमिनीखाली कोळसा आणि तेल ठेवले, ते आपण पाप करावे म्हणून ठेवले असे मला वाटत नाही. बाबा मकरपुऱ्यात कोळशाच्या बॉयलरवर होते. बंदी आली, मालकाने नवा बॉयलर घेण्याऐवजी शटर पाडले, बाबा घरी बसले. त्यांची फुप्फुसे कोळशाने गेली असे रणवीर म्हणतो. खरे आहे. पण त्याची एम. ए. ची फीही त्याच कोळशातून गेली, हे तो म्हणत नाही. धूर वाईट आहे हे धुरात उभे राहिलेल्याला शिकवायला लागत नाही. मला एवढेच दिसते की इंधन बंद करणारे हात वर करतात आणि श्वास दुसऱ्या कोणाचा जातो.

कलम ४. रणवीरला आणखी काही
चर्चचे तुटलेले कुलूप. भरपाई मी दिली आहे, म्हणून ते माझे आहे. दुकानात वरच्या फळीवर निळ्या डब्यात आहे.

कलम ५. दफन
मला आईशेजारी पुरावे. शववाहिनी डिझेलचीच आणावी. पाळक जगदेवराव यांनी प्रार्थना करावी, उपदेश करू नये. माइक लागलाच तर माझ्या जनरेटरवर लावावा. तो मंडळीचाच जुना आहे. मी भंगारवाल्याकडून परत घेतला. ईस्टरच्या कार्यक्रमाला पाळकसाहेबांनी तोच भाड्याने मागवला आणि म्हणाले, "मंडपाच्या मागे ठेव हं बाळा, लोकांना दिसायला नको." दफनाच्या वेळी तो पुढे ठेवावा.

कलम ६. पैसे
बँकेत जे उरेल ते बाबांना. त्यातून आधी डिझेल, मग औषध, मग बाकीचे.

कलम ७. राहिलेले सर्व
जनरेटर, दुकान, हत्यारे आणि वर लिहिलेल्यांपैकी जे काही कोणत्याही कारणाने ज्याला दिले त्याला मिळणार नाही, ते सर्व माझी बहीण देवश्री हिला. ती नडियादला नर्स आहे. बाबांना सांभाळायला ती बडोद्याला येऊन राहील असे तिने मला शब्द दिला आहे. हे मृत्युपत्र तिनेच अमलात आणावे.

कलम ८. साक्षीदार
वकील स्नेहलता मॅडम यांनी मला नियम समजावून सांगितला. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला, किंवा त्याच्या नवऱ्याला वा बायकोला, त्या मृत्युपत्राने दिलेले काहीही मिळत नाही. ते दान रद्द होते, बाकी मृत्युपत्र टिकते. शेजारच्या हिंदू घरांना हा नियम लागत नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांना लागतो. रणवीरला हे माहीत नाही. आमच्या मजल्यावरच्या एका हिंदू शेजाऱ्यांच्या मृत्युपत्राला त्यांच्या सुनेने साक्ष दिली आणि तरी मुलाला घर मिळाले, हे त्याने पाहिले आहे.

एक साक्षीदार आमचे शेजारी नारायणकाका. दुसऱ्यासाठी मी रणवीरला विचारले. तो लगेच म्हणाला, "संयोगिता करेल ना. घरचं माणूस बरं."

संयोगितावहिनी माझी भावजय. तिच्याशी माझे भांडण नाही. आईला ती सूप करून पाठवीत असे. आज संध्याकाळी ती सही करील आणि त्या सहीने रणवीरचे घर जाईल. हे त्याला माझ्या दफनानंतर देवश्री वाचून दाखवील. तेव्हा संयोगितावहिनीने समोर बसावे, अशी माझी इच्छा आहे.

मॅडम म्हणाल्या, "सरळ नाव वगळा ना, कुशलभाई. एवढं कशाला?" वगळले असते तर त्याला राग आला असता आणि तो राग घेऊन सुखाने राहिला असता. मला त्याच्याकडून घर काढून घ्यायचे आहे. त्यासाठी आधी ते द्यावे लागते.

बाबा, तुमच्यासाठी शेवटचे. घर मिळणार हे कळल्यापासून रणवीर रोज संध्याकाळी येतो, तुमच्याजवळ बसतो, गरम फाफडा आणतो. काल तो गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "पाहिलंस? मी सांगत होतो ना, येईल म्हणून. तुझा जनरेटर राहू दे बाजूला, मला हा समोर बसलेला पाहिजे." मी मशीनचे पाणी बदलले. बाबा, तो घरासाठी येतो. हे वाचून झाल्यावर येणार नाही. जनरेटर चालेल, देवश्री असेल, तुमचा श्वास थांबणार नाही याची व्यवस्था मी केली आहे. त्याला समोर बसवण्याची व्यवस्था मला करता आली असती. मी केली नाही. संध्याकाळी दाराकडे पाहत बसू नका.

(सही) कुशल जयवंतराव आढाव

वरील सही कुशल आढाव यांनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत केली आणि आम्ही त्यांच्या समोर आमच्या सह्या केल्या. मजकूर आम्ही वाचलेला नाही. साक्षीदाराने तो वाचण्याची गरज नसते असे त्यांनी आम्हांस सांगितले.

साक्षीदार १: (सही) नारायण विष्णू गुप्ते, सुभानपुरा, बडोदे
साक्षीदार २: (सही) सौ. संयोगिता रणवीर आढाव, कारेलीबाग, बडोदे

स्थळ: बडोदे
दिनांक: ११ जून २०२५