अगिमभाऊंची वही

खलिफा सिटी, दि. ३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मधूस, शोभनाताईचे अनेक आशीर्वाद.

मधू, दसरा छान झाला. ऐक आता. खालच्या मजल्यावरचे अगिमभाऊ, माझ्या नातीला, ईशानीला व्हायोलिन शिकवतात ते, अल्बानिया देशाचे. मी आधी ते सौदीकडचं गाव समजत होते, असू दे. वय एक्क्याऐंशी. तिकडं ऐंशी वाजवणाऱ्यांपुढं उभं राहून नुसत्या हातांनी सगळ्यांना चालवायचे. स्वतः मोठं संगीत रचलं, पण सरकारला रुचलं नाही. बंदी घातली आणि यांना धाडलं खाणीच्या गावी, मजुरांचा बँड शिकवायला. पंधरा वर्षं! ते संगीत आजवर एकदाही वाजलं नाही गं, नुसतं वहीत.

आता युरोपात कुणी नवी संगीतं मागवलीत. निवडलं तर वाजवणार, आणि पुढं उभे राहणार अगिमभाऊच. वहीवर नाव घालायचं नाही म्हणे, रचणारा कळू नये म्हणून. आपला निनाद, माझा लेक, कुरियर करणार, म्हणून वही नवमीला आमच्याकडंच. मग मी सोडते? व्हायोलिनशेजारी पूजेत मांडली, पहिल्या पानावर ओल्या कुंकवानं 'श्री' काढला, हळदीची पाच बोटं उठवली. निनादनं न बघताच पाकीट चिकटवलं. यश कुठं जातंय!

माया आहेच, पत्र धाडून त्यात भर घाल.
तुझी ताई


खलिफा सिटी, दि. १४ डिसेंबर २०२५

ती. मधूमावशींस, वैभवीचा सा. न. वि. वि.

अगिम सरांची वही परत आली. पहिल्या पानावर खूण, म्हणून बाद. पुढची पानं उघडलीसुद्धा नाहीत. निनादने दोनदा मेल केले. रूल इज रूल. पुढची स्पर्धा चार वर्षांनी, आणि सरांचा उजवा हात आत्ताच थरथरतो.

मी त्यांच्यापुढे रडले. ते म्हणाले, आजींना कळता कामा नये, त्या वहीचा आनंद झालेलं दुसरं माणूस मला भेटलेलं नाही. जानेवारीत ते अल्बानियात, तिराण्याला परत जातायत, बहिणीकडे. शिकवणं बंद. तुम्हीही सासूबाईंना काही लिहू नका, प्लीज.

आपला लोभ असाच राहू द्यावा.
आपली वैभवी


खलिफा सिटी, दि. ४ जानेवारी २०२६

चि. सौ. मधूस, ताईचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. 'फार आशा धरू नकोस' असं का गं लिहिलंस? तू लहानपणापासून अशीच रडूबाई. अगिमभाऊंनी तिकीट काढलंय! मी विचारलं, वाजवायलाच बोलावलं ना? ते हसले, माझे दोन्ही हात धरले.

काल निरोपाला आले. मी म्हटलं, आम्ही काही तिकडं येत नाही, इथंच दाखवा कसं ते. ईशानीनं सांगितलं त्यांना. मग कोट घातला बाई त्यांनी, आमच्या सोफ्यापुढं उभे राहिले आणि हात चालवू लागले. चांगला अर्धा तास. मधूनच डावीकडं वळून कुणाला तरी दटावलं, कुणाला थांबवलं. उजवा हात जरा हलत होता, म्हातारपण. ईशानी उठून आत गेली, इंग्रजीत काहीतरी पुटपुटत. वैभवीचेही डोळे ओले. एवढ्या आनंदाच्या दिवशी!

मला काही ऐकू आलं नाही. पण त्यांनी हात खाली घेतले तेव्हा मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, हात लाल होईस्तोवर. त्यांनी मला कमरेत वाकून नमस्कार केला.

गुडघे जप. मायेत उणं पडू देऊ नकोस.
तुझी ताई