सूर्यभानचे बूट

परभणी, २१ जानेवारी १९९४

चि. सूर्यभान, जयभीम.

पंडित मास्तरांना पाठवून तू माझ्याकडे ठेवलेले बूट मागवलेस, म्हणून लिहावं लागलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या आनंदात रविवारी झरीला फुटबॉलचा सामना, आणि पंचावन्नाव्या वर्षी तू मधल्या फळीत उतरणार! हैदराबादच्या संघात बारा वर्षं धावलास तू, गोल केले दुसऱ्यांनी. आता पुरे. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी तुझं हृदय कमजोर झाल्याचं मला सांगितलं, चिठ्ठी दिली. तुला मात्र मी नुसतं पित्त झाल्याचं सांगितलं. चुकले.

"अक्का, लय पळत न्हाई, नुसता बॉल देतो," म्हणशील. बॉल दिसला की तू थांबत नाहीस.

हे पत्र पाठवायचा धीर नाही.

तुझी अक्का

पत्र माझ्याजवळच ठेवलं. मास्तरांकडे दिलं: बुटांचा एक जोड, मोजे, तू आधी घालतोस त्या डाव्या बुटात डॉक्टरांची चिठ्ठी.