सात मिलिमीटर

प्रिय भिंगरी,

हे अक्षर बघून आजी या वयात लिहायला शिकली असं समजू नकोस. अक्षर समोरच्या शिंपीणबाईचं आहे, बोलणं माझं. तिनं आधीच बजावलंय, आजी, सावकाश सांगा, माझा हात मशीनवर चालतो तसा कागदावर चालत नाही. मी म्हटलं, चालू दे कसाही, नंतर उसवू नकोस म्हणजे झालं. तेव्हा पत्रात चुका सापडल्या तर तिच्या, शहाणपण सापडलं तर माझं.

हातात फोन असताना पत्र कशाला, असं तुझ्या मनात येणारच. दर रविवारी तू न चुकता फोन करतेस, पण चालता चालता करतेस. मागून गाड्यांचे आवाज, मधेच कुणीतरी तुला हाक मारतं, मग बरं आजी, वेळेवर जेव, म्हणतेस आणि ठेवतेस. त्यानंतर मी बंद फोनला सांगते की जेवले म्हणून. तोही ऐकून घेतो बिचारा. घर तसं शांतच असतं. दोन खोल्या आणि एक मी. परवा लक्षात आलं, कित्येक दिवसांत मी एकच कप घासतेय. बाकीचे पाच फळीवर पालथे पडलेत, रुसलेल्या पाहुण्यांसारखे.

यंदाचा पाऊस विचारशील, पावसाचा अभ्यास हे तुझं कामच. सुरुवातीला दोन दिवस आला, लोकांना पेरायला लावलं आणि जो पाठ फिरवून गेला तो महिना झाला तरी पत्ता नाही. तारेच्या कुंपणातला आजोबांचा जुना पाऊसमापक कधीच काढून नेला. तिथं आता आपोआप मोजणारं यंत्र बसवलंय. स्वतःच मोजतं, स्वतःच कळवतं. त्याला ना झोप, ना दुखणं, ना बायको. तरी सकाळचे साडेआठ वाजले की माझे पाय तिकडे वळतात. कुंपणाला हात लावून परत येते. यंत्र काही चहा घेतलास का विचारत नाही.

तुझे आजोबा विचारायचे. बत्तीस वर्षं त्या माणसानं साडेआठ चुकवले नाहीत. नळकांड्यातली बाटली काढायची, पाणी काचेच्या मापात ओतायचं, माप डोळ्यांसमोर धरायचं, श्वास रोखून आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा. गाव त्यांना काटा म्हणायचं, तराजूचा असतो तसा. काट्यानं सांगितलं म्हणजे दगडावरची रेघ. पाऊस नसला तरी जायचे. मी चिडवायची, कोरडी बाटली बघायला एवढं धावत कशाला? तर म्हणायचे, शून्यसुद्धा मोजावंच लागतं, नाहीतर ते शून्य नसतं, नुसता आळस असतो. तू त्यांच्यावरच गेलीस. मागल्या साली त्यांच्या वह्या मागून घेतल्यास, कापडात बांधून नेल्यास, तेव्हा मला वाटलं घरातून माणूसच निघालंय. एकदा बोळवण झालेलं माणूस दुसऱ्यांदा जातं ना, तसं.

आता मागच्या रविवारचं. तू चालत नव्हतीस, एका जागी उभी राहून बोलत होतीस, म्हणून मी कान देऊन ऐकलं. तू म्हणालीस, आजी, सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या दुष्काळात आसपासची सगळी गावं कोरडी, फक्त आपल्याकडे पाऊस, तोही कसा, दर तीन-चार दिवसांनी हलका, एकसारखा. डोंगरामुळे असेल, म्हणालीस. पुढच्या महिन्यात मोठ्या लोकांपुढे हेच मांडणार, आजोबांचं नाव घेऊन. तुझा आवाज इतका आनंदी होता की मी नुसतं हो हो म्हटलं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं माझं वय नाही, तरी बघ, इतका वेळ भांडंच लपवतेय.

त्या वर्षी आजोबांची एक बाजू गेली होती. आतल्या खोलीत पडून असायचे, खिडकी भिंतीकडे. उजवा हात शाबूत होता, म्हणून वही उशाशी. साडेआठला मी बाटली आणायची, त्यांच्यासमोर मापात ओतायची, आकडा ते वाचायचे. मला कुठला वाचता येणार? पण त्या साली ओतायला काही नसायचंच. रोज शून्य. वीसेक शून्यं लिहून झाल्यावर त्यांनी खाणं सोडलं, तोंड भिंतीकडे केलं. डॉक्टर म्हणाले, मन उभारी धरेल असं काही बघा. मी घरात सगळ्यांना बजावलं, यांच्यापुढे कोरड्याचं नाव काढायचं नाही. आणि एका सकाळी, झोपेच्या गोळीनं ते गाढ असताना, मी कपभर पाणी घेऊन कुंपणात गेले. सरळ मापात ओतलं असतं तरी चाललं असतं. पण मी ते मापकाच्या तोंडातूनच ओतलं. मापकातून आलं म्हणजे तो पाऊस, एवढी तरी मनाची समजूत घालता आली. उठल्यावर सांगितलं, पहाटे येऊन गेला, तुम्ही घोरत होतात. त्यांनी माप डोळ्यांसमोर धरलं, सात म्हणाले, आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

डोंगर नव्हता गं पोरी. मी होते.

एकतीस कप ओतले मी. तुला तारखा सांगता येणार नाहीत, पण माझा पाऊस ओळखायला सोपा आहे. कप एकच होता, त्यामुळे दर वेळी सातच. वरचा पाऊस असा दोनदा सारखा पडत नाही, तो कारागीर माझ्याहून बरा आहे. त्या वर्षातले सगळे सात खोड. उरेल तो खरा पाऊस. फार उरणार नाही.

एवढ्यावर थांबले असते तर म्हातारीचा खुळेपणा म्हणून तू हसली असतीस. पण दर महिन्याला ते आकडे कागदावर उतरवून टपालानं कचेरीत जायचे. मला वाटायचं, तिथं कुणी वाचत नसेल, कपाटात पडत असतील. शेजारच्या गावांत पाण्याचे टँकर यायला लागले, गुरांसाठी चारा आला. आपल्याकडे काहीच येईना. तुझा बाप कचेरीत भांडायला गेला, तर कारकुनानं कागद पुढे टाकला, की तुमच्याकडे पाऊस झालाय, हे बघा. तुझा बाप घरी येऊन ओसरीवर ओरडला, त्या कारकुनानं आकडे फिरवलेत. आजारी बापाला विचारायचं कसं, म्हणून आत गेला नाही. माझ्या हातात तेव्हा तोच कप होता.

त्या दिवसापर्यंत बावीस झाले होते. ते अज्ञानात गेले म्हणू. पण उरलेले नऊ मी सगळं कळल्यावर ओतलेत. एका सकाळी नाही ओतलं, तर त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं, आणि माझ्यानं ते बघवलं नाही. एकीकडे अख्खं गाव होतं, एकीकडे माझा माणूस, आणि मी माझ्या माणसाला पाणी पाजलं. त्या साली गुरं गेली. तुझ्या बापानं तुला काखेत घेतलं आणि शहराची वाट धरली, तू जेमतेम दोन वर्षांची. तो अजून म्हणतो, त्या कारकुनानं आम्हाला गावातून उठवलं. मी कधी त्याचं बोलणं खोडलं नाही. हे घर रिकामं कुणी केलं, ते मला माहीत आहे.

इथं शिंपीणबाई थांबली आहे. ती त्या साली अकरा वर्षांची होती. आईबरोबर नदीच्या कोरड्या पात्रातून डोक्यावर पाणी आणायची, तिच्या आईची पाठ तेव्हा गेली ती गेलीच. ती उठली, माझ्याच माठातलं पाणी प्यायली, दारात पाठमोरी उभी राहिली. मला वाटलं, आता पत्र इथंच संपलं. मग येऊन बसली आणि एवढंच म्हणाली, पुढचं सांगा.

पुढचं हे. खोटं कागदावर गेलं होतं, तर खरंही कागदावरच जायला हवं, म्हणून पत्र. ते मोठ्या लोकांना दाखव, बापालाही दाखव. तुझ्या मेहनतीवर मी पाणी ओतलं, बत्तिसावा कप समज. रविवारचा फोन बंद केलास तरी माझी तक्रार नाही. पण एक विचारायचं आहे, आणि मनातलं सांगायचं तर पत्र त्यासाठीही आहे. वहीत आकड्याशेजारी शेऱ्याची जागा असते. तिथं ते कधी ढगाळ लिहायचे, कधी वारा. पण माझ्या सातांच्या दिवशी त्यांना लिहायला फार वेळ लागायचा. मला वाचता येत नाही हे ठाऊक असूनही वही छातीशी धरून लिहायचे, आणि मिटताना माझ्याकडे बघायचे. त्यांना कळलं होतं का गं? काट्याला कळलं असेल तर त्यानं चुकीचं वजन कसं चालवून घेतलं? ते गेल्यावर पंचवीस वर्षं त्या वह्या माझ्या उशाशी होत्या, समोर शिंपीणबाई राहते, पण वाचून दाखव म्हणायचा धीर झाला नाही. तू पहिला सात शोध, आणि शेजारी काय लिहिलंय ते मला लिहून पाठव. रागावलेलं असेल तरी तसंच पाठव, गोड करू नकोस. शिंपीणबाईला आत्ताच विचारलं, ती वाचून दाखवीन म्हणाली.

तुझीच,
कपभर पावसाची आजी